तीन घंगाळं की चार

आमच्या क्लबच्या डिसेंबरच्या मीटिंगमधे एक हात वर गेला आणि तो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. झालं एवढंच. आता मधे थर्टीफर्स्ट येऊन गेला, दुकानांत हलव्याचे दागिने लागले, तरी मला सकाळी दाढी करताना किंवा कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलो की तो हात दिसतो. पांढऱ्या शर्टाची दुमडलेली बाही, मनगटाला विटलेला लाल दोरा, बोटांना केकचा चुरा. हात वर केलाय हे बहुतेक त्याचं त्यालाच कळलं नव्हतं, कारण पुढच्याच क्षणी त्याने तो डोक्यावरून असा फिरवला की जणू केसच सारखे करायचे होते.

क्लब म्हणजे तुम्हाला माहीत आहेत तसलाच. घंटा वाजवून मीटिंग सुरू, घंटा वाजवून बंद, मधल्या वर्षभरात डोळे तपासणी, वह्यावाटप, जव्हारकडच्या एखाद्या शाळेला पाण्याची टाकी आणि टाकीवर आमच्या सगळ्यांची नावं. मी चेष्टा करतोय खरा पण अकरा वर्षं मेंबर आहे, दोन वर्षं खजिनदार होतो, आणि ती टाकी अजून चालू आहे हेही खरंय. डिसेंबरची मीटिंग फॅमिली मीटिंग असते. तलावपाळीजवळचा हॉल, बाहेर चर्चवर लायटिंग, तळ्यात त्याचं हलणारं प्रतिबिंब, घोडागाडीवाल्यांचा आणि मक्याच्या कणसांचा मिळून एक वास, आणि ठाण्यात पडते तेवढी म्हणजे स्वेटर घालावा की नको एवढीच थंडी. बायका मात्र शाली पांघरून आल्या होत्या, हौस म्हणून. हॉलमधे कोपऱ्यात प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री, सेक्रेटरीच्या नातवाच्या डोक्यावर सांताची टोपी, आणि मागच्या टेबलावर कटलेट, टोमॅटो सूप, पावभाजी आणि प्लम केक. केकमधे अंडं आहे का हे मला तीन जणांनी विचारलं, मी काय बेकरीवाला आहे का.

आमच्यात सार्जंट ॲट आर्म्स नावाचं एक पद असतं. म्हणजे क्लबचा स्वतःचा पोलीस. उशिरा आलात दंड, कोटाला पिन नाही दंड, मोबाईल वाजला दंड, लग्नाचा वाढदिवस लपवलात तर डबल दंड. एक पत्र्याचा डबा घेऊन तो रांगांमधून फिरतो आणि सगळे हसत हसत पन्नासाची नोट टाकतात. यंदाचा सार्जंट बोलायला तिखट आहे. पाहुण्यांची ओळख करून देताना म्हणाला, जगात असं एकच शहर असेल जिथल्या पोलिसांचा पत्ता 'ठाणेनगर पोलीस ठाणे, ठाणे' असा लिहावा लागतो. जुना जोक आहे, तरी हसलो सगळे. स्टेजच्या मागे रोटरीच्या चार प्रश्नांचा बॅनर कायमचाच लावलेला असतो, त्यातला पहिला प्रश्न 'हे सत्य आहे का?' हे चार प्रश्न १९३२ साली शिकागोच्या हर्बर्ट टेलरने लिहिले, भांडी बनवणारी एक कंपनी बुडायला आली होती ती सावरायला म्हणून. भांडीवाल्याची कसोटी ही. माझ्या डोक्यात तेव्हा भांड्यांचं काही नव्हतं, ते नंतर आलं.

पाहुणे म्हणजे एक एसीपी. पन्नाशीचे, आवाज बसलेला, साध्या कपड्यात. विषय 'नागरिक आणि पोलीस'. स्लाइड्स आणल्या होत्या पण प्रोजेक्टरची वायर आमच्याकडे नेहमीप्रमाणे लागेना, तेव्हा म्हणाले राहू दे, तसंही लोक स्लाइडकडे बघतात आणि पोलिसाकडे बघायचं टाळतात. माणूस बरा बोलत होता. ठाणे कमिशनरेट १९८१ मधे झालं, इथपासून पार बदलापूरपर्यंत एकच हद्द, आणि डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस म्हणजे त्यांच्या घरच्यांच्या दृष्टीने तो माणूस नसल्यातच जमा. येऊरला वर जाणारा रस्ता, उपवन, घोडबंदरवरची हॉटेलं, नाकाबंदी, तोंडाला ते ब्रेथ ॲनलायझरचं मशीन लावायचं आणि पुढच्याने सांगायचं साहेब फक्त कफ सिरप घेतलंय. शंभर मिलीलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की खटला, पहिल्याच वेळेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे ऐकल्यावर आमच्या दोन-तीन मेंबरांनी एकमेकांकडे जे पाहिलं ते मी पाहिलं. मग डिजिटल अरेस्ट. असलं काही कायद्यात नाहीच, कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही, पैसे गेलेच तर आधी १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मुलाला नंतर सांगा, कारण तुम्ही मुलाला सांगायला लाज वाटते म्हणून चार तास घालवता आणि तेवढ्यात पैसे दहा खात्यांत फिरून येतात. इथे हॉल एकदम शांत झाला. कोणाचे तरी गेले असणार.

प्रश्नोत्तरं व्हायची तशीच झाली. पार्किंग. मग पार्किंग. मग घोडबंदरचं ट्रॅफिक, रिक्षावाले, आमच्या बिल्डिंगसमोरची मोमोजची गाडी, परत पार्किंग. एक काकू म्हणाल्या पूर्वी हवालदार रात्री काठी आपटत जायचा तेव्हा झोप लागायची. साहेब सगळं ऐकून घेत होते, वहीत लिहीतही होते, आणि मग घड्याळाकडे बघून म्हणाले, आता मी एक विचारू का?

म्हणाले, आम्ही झडती घेतो, जप्ती करतो, तेव्हा पंच लागतात, म्हणजे समोर बघून सही करणारे साक्षीदार. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, आता झडतीचं मोबाईलवर शूटिंग करावं लागतं, ई-साक्ष्य म्हणून ॲप आहे, सगळं आहे, तरी पंच लागतातच. गंभीर गुन्ह्यात आम्ही सरकारी कर्मचारी बोलावतो, पण रोज उठून कुठून आणणार. कायद्यात शब्द काय आहे माहितीये? त्या भागातले दोन किंवा जास्त 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी. आणि लेखी बोलावूनही कारण नसताना नाही म्हटलं तर तो गुन्हा धरतात. आता मला सांगा, ठाण्यात एवढे प्रतिष्ठित मला एका हॉलमधे परत कुठे मिळणार. हसले सगळे. तर मग, आयुष्यात एकदा तरी पंच म्हणून सही केलीय त्यांनी हात वर करा.

साठ-पासष्ट माणसं होतो आम्ही. चार डॉक्टर, सीए, बिल्डर, दोन शाळांचे ट्रस्टी, आर्किटेक्ट.

पंखा ऐकू येत होता. आणि मग मागून, सूपच्या भांड्याच्या बाजूने, तो हात. कॅटरिंगचा माणूस, चाळिशीचा असेल, बोर्डावर केकचे चौकोनी तुकडे करत होता. साहेबांनी विचारलं, किती वेळा हो? दोनदा साहेब, तो म्हणाला आणि परत सुरी हातात घेतली. एक क्षणभर सगळ्यांनाच कसंतरी झालं असावं, निदान मला तरी झालं, पण आमचा सार्जंट हुशार, तो उभा राहिला आणि ओरडला, सगळ्या सभासदांना पंच न झाल्याबद्दल पन्नास पन्नास रुपये दंड! टाळ्या, हशा, डबा फिरला, मीही पन्नास टाकले. साहेबांनीसुद्धा हसून टाकले. झाली गोष्ट संपून. घंटा वाजली.

माझी मात्र तिथून पुढे सुरू झाली, कारण आमच्या घरात एक पंच होऊन गेलेत.

जांभळी नाक्याजवळ आमचं स्टेशनरीचं दुकान होतं, अण्णांचं म्हणजे वडिलांचं. वह्या, रजिस्टरं, कार्बन पेपर, दौती आणि लाखेच्या कांड्या. पोलीस चौकीचे लोक लाख आमच्याकडूनच न्यायचे, कधी पैसे द्यायचे कधी लिहून ठेवा म्हणायचे, आणि ते लिहिलेलं तसंच राहायचं. १९८५ चा पावसाळा, मी नववीत, शाळा सुटून दुकानात बसलो होतो. एक फौजदार आणि दोन हवालदार आले, बरोबर दोरीने बांधलेला एक बारकासा माणूस, भांड्यांच्या दुकानातून चोरी केलेला, आणि आता माल कुठे लपवलाय ते दाखवायला निघालेला. शेठ, पाच मिनिटं चला, बाजूलाच आहे. अण्णांनी मला गल्ल्यावर बसवलं आणि गेले. मी अर्थातच गल्ला सोडून मागे गेलो. मागच्या गल्लीतल्या वाड्याच्या लाकडी जिन्याखाली गोणपाट होतं, त्याखाली तांब्याची घंगाळं. हवालदाराने प्रत्येकाच्या कडीला सुतळीने लेबल बांधलं, लेबलवर अण्णांची सही आणि शेजारच्या टेलरची, मग काडी ओढून लाख वितळवून सुतळीच्या गाठीवर थेंब थेंब टाकली. लाख आमच्या दुकानातली. तो वास मला अजून आठवतो, गोडसर, जळका, देवळातल्यासारखा पण देवळातला नाही. फौजदाराला घाई होती, पाऊस परत यायला लागला होता, पंचनाम्याचा कागद त्याने हवालदाराच्या पाठीवर ठेवून पुढे केला. खाली लिहिलेलं असतं, पंचनामा वाचून पाहिला, तो बरोबर आहे. अण्णांनी सही केली. वाचला का? पावसात कोण वाचतंय.

मग पाच वर्षं काही नाही. मी कॉलेजला गेलो, टेलर दुकान विकून नाशिककडे गेला आणि १९९० ला समन्स आलं. कोर्ट नाका आमच्या दुकानापासून चालत जाण्याएवढाच, पण अण्णा त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, दुकान बंद ठेवून गेले आणि दुपारी तीनला परत आले, तारीख पडली. परत गेले, जज्ज रजेवर. परत गेले, आरोपीचा वकील नाही. आईचं म्हणणं एकच, चोर त्याचा, माल त्याचा, भांडीवाला खुशाल धंदा करतोय आणि आमचं दुकान का बंद. अण्णा काही बोलायचे नाहीत. पण चौथ्या तारखेनंतर एकदा जेवताना सांगत होते की तो चोर, म्हणजे तो आता चोर नव्हताच, मार्केटात हमाली करायचा, त्याने बाकावर सरकून यांना जागा दिली, शेठ बसा म्हणाला. दोघं दिवसभर शेजारी शेजारी बसायचे, दुसरं करणार काय. त्याला मुलगी झाली होती ते अण्णांना माहीत होतं. त्याच्या आईच्या मोतीबिंदूचं सुद्धा.

पाचव्या वेळी साक्ष झाली. वकिलाने विचारलं घंगाळं किती होती. अण्णा म्हणाले तीन. पंचनाम्यात चार होती. ही सही तुमचीच ना? हो. वाचून बरोबर आहे असं लिहिलंय ना? हो. मग आता तीन कशी? अण्णा म्हणाले, मी तीनच पाहिली. तो माणूस सुटला. तेवढ्यावरूनच सुटला की अजून काही होतं ते मला नाही सांगता येणार, घरात मात्र कायम तेवढंच सांगितलं गेलं. बाहेर आल्यावर तो अण्णांना म्हणाला, शेठ, चहा घेऊ? आणि अण्णांनी घेतला. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे खरं बोलल्याचं वाईट वाटत होतं, की न वाचता सही केल्याचं, की चोराबरोबर चहा प्यायल्याचं, हे मी नंतर कितीदा विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. गंमत म्हणजे मीही त्या गल्लीत उभा होतो. मला चार आठवतात. चौथं गोणपाटाच्या आत मागे होतं, लहान. पण ते मला खरंच दिसलं होतं की नंतर ऐकून ऐकून डोळ्यासमोर उभं राहिलंय, याची मी आज शपथ घेणार नाही.

ह्या सगळ्याचा मी काय धडा घेतला? की पोलीस दिसले की घड्याळ बघायचं.

२०१५ ला आम्ही नौपाडा सोडून घोडबंदर रोडला आलो, मोठं कॉम्प्लेक्स, गेटला बॅरिअर, वॉचमनला टोपी. दुसऱ्याच वर्षी खाली पार्किंगमधून एकाची मोटरसायकल गेली. सकाळी साडेनऊ, मी गाडी काढतोय आणि हवालदार समोर. दोनच मिनिटं सर, घटनास्थळाचा पंचनामा, फक्त सही. मी घड्याळ बघितलं. म्हणालो अहो मीटिंग आहे नरिमन पॉइंटला, आधीच उशीर झालाय, वॉचमनला घ्या ना, तो तर इथेच असतो. मीटिंग नव्हती. हवालदाराने मला नीट बघून घेतलं, त्यात राग वगैरे नव्हता, सवय असेल, आणि वॉचमनला हाक मारली. त्याच्याकडे पेन नव्हतं म्हणून मी माझं दिलं. म्हणजे एवढी मदत केली मी कायद्याला. बिहारचा पोरगा, वीस-बावीसचा, त्याने पेन घट्ट धरून अक्षर अक्षर जोडत सही केली आणि मला पेन परत देताना दोन्ही हातांनी दिलं.

समन्स पाच-सहा वर्षांनी आलं, कोविडनंतर. तोवर सिक्युरिटी एजन्सी दोनदा बदललेली. एक तरुण कॉन्स्टेबल गेटवर कागद घेऊन उभा, आमचे चेअरमन सांगत होते असा कोणी माणूस आमच्याकडे नाही, आम्हाला कल्पना नाही. मी दूध घेऊन येत होतो, थांबलो, कागदावरचं नाव वाचलं. मला ते नाव माहीत होतं, माझ्याच पेनाने लिहिलं होतं. कॉन्स्टेबलने कागदाच्या मागे गेटच्या भिंतीला टेकवून लिहिलं, सदर इसम मिळून येत नाही. मी तिथेच होतो त्या सकाळी, पार्किंग पाहिलं होतं, तुटलेलं लॉकही पाहिलं होतं. एवढं बोलायला काय लागतं. मी म्हणालो, दूध फुटेल, जातो. आता दूध गेटपासून लिफ्टपर्यंत फुटतं का.

तर हे सगळं खिशात घेऊन मी त्या दिवशी खुर्चीत बसलेलो, आणि माझा हात मांडीवरच. हात वर करायला तसं काही कारण नव्हतं म्हणा, मी पंच झालोच नव्हतो. तरी वाटत होतं की साहेबांनी प्रश्न उलटा विचारायला हवा होता, कोण कोण सटकलंय ते सांगा, मग बघा कशी गर्दी झाली असती. कदाचित नसतीही झाली. पन्नास रुपयात सुटत असेल तर कोण कशाला.

जेवणं झाली, फोटो झाले, साहेबांना तुळशीचं रोप दिलं. हिला म्हटलं तू गाडीत बस, आलोच. हॉलच्या मागे भांडी धुवायची जागा आहे तिथे तो माणूस उरलेली पावभाजी डब्यात भरत होता. मी उगाचच सुरुवात केली, केक छान होता. हो, नौपाड्यातल्या बेकरीतला आहे. मग विचारलं, पंच कसे काय झालात? तो हसला. म्हणाला, साहेब आधी माझी चहाची गाडी होती, चौकीच्या समोर. आता चौकीच्या समोर गाडी लावायची आणि नाही म्हणायचं, कसं जमणार. हाक आली की जायचं. मी म्हटलं मग दोनदाच कसे? त्याने इकडे तिकडे बघितलं. सात वेळा, म्हणाला. पण साहेबांसमोर सात सांगितले असते तर ते म्हणाले असते हा सराईत पंच. कोर्टात वकीलपण तेच विचारतो, तू किती वेळा पंच झालास, पोलिसांचा माणूस आहेस का. म्हणून दोनच सांगायचे, असं एका हवालदारानेच शिकवलंय.

स्वतंत्र आणि प्रतिष्ठित. आम्ही दोघं तिथे मोरीजवळ उभे होतो, पायाखाली साबणाचं पाणी.

मग त्याने हात पुसले आणि पाकिटातून, प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कागद काढला. हे जरा बघता का, तारीख नऊ आहे की एकोणीस, शिक्का बसलाय त्याच्यावर. एकोणीस जानेवारी होती, सकाळी अकरा. तो म्हणाला बरं झालं, नऊला लग्नाची ऑर्डर आहे, खाडा पडला तर मालक कापतो. कागद परत घडी करताना हळू आवाजात म्हणाला, मोबाईल पकडले होते साहेब, एका पोराकडे, स्टेशनबाहेर. चार वर्षं झाली. पाच होते की सहा आता लक्षात नाही. काय सांगू?

मी म्हटलं, जेवढं आठवतंय तेवढं सांगा.

तेच तर आठवत नाही ना, तो म्हणाला, आणि बाजूला ठेवलेलं सूपचं भांडं उचलायला मला म्हणाला, साहेब, जरा त्या बाजूने धरता का. मी धरलं. चांगलंच जड होतं, आणि अजून कोमट.